तीन ठिकाणी तीन आलेख, मग खरा वक्र कुठला?

मॅडम, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीवर बोलत नाही ना ते कळेल. तुम्ही डोंबिवलीच्या ज्युनियर कॉलेजात बारावीला गणित शिकवता. अव्यक्त फलनांचं (ज्यांत य वेगळा न काढता क्ष आणि य एकाच समीकरणात गुंतलेले असतात) विकलन शिकवताना प्रोजेक्टरवर वक्र दाखवावेत म्हणून चार समीकरणं निवडलीत. वर्तुळ तुम्ही य = ±√(१ − क्ष^२) असं सोडवून काढलंत, तर ते डाव्या-उजव्या टोकांना उघडंच राहिलं. डेकार्टचं पान, म्हणजे क्ष^३ + य^३ = ३·क्ष·य (पानासारखा एक फास आणि त्याच्या देठापासून निघालेले दोन लांब हात), ग्नूप्लॉट या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये देठापासून तुटून वेगळं पडलं. ॲस्ट्रॉइड या चार टोकांच्या चांदणीसारख्या वक्राला चार कमानी असतात, पायथनमध्ये (ही प्रोग्रॅमिंगची भाषा) एकच उमटली. आणि (क्ष^२ + य^२ − १)^२ = ० ला कोरा पडदा. फोनवरच्या ॲपने यातलं काही बरोबर दाखवलं, काही नाही. तुमचा प्रश्न: "यातलं कुठलं सॉफ्टवेअर बरोबर धरायचं?"

(जुन्या पाठ्यपुस्तकांसारखं क्ष आणि य लिहितोय, घातासाठी ^ ही खूण. गुणाकाराचा ठिपका मुद्दाम देतोय, नाहीतर मधेच क्षय व्हायचा.)

मी वीसेक वर्षं गणिताच्या पुस्तकांसाठी आणि क्लासच्या नोट्ससाठी आकृत्या करून देतो, त्यामुळे या चारही खड्ड्यांत स्वतः पडून झालंय. माझ्या मते खरा प्रश्न सॉफ्टवेअर निवडायचा नाहीच. तिन्ही सॉफ्टवेअरं आपापल्या जागी बरोबर वागली. पण तुमचं समीकरण त्यांच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिले ते जाळीच्या गाठींवरचे काही आकडे. ते आकडे कुठल्या सूत्रातून यावेत हे ठरवणं मात्र तुमच्या हातात असतं, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकता किंवा हरता येते.

वर्तुळाचं आधी उरकून टाकू, ते सोपं आहे. −२ ते २ मध्ये २०० बिंदू घेतले तर १ च्या आतला शेवटचा बिंदू ०.९९५ च्या आसपास पडतो. तिथे य येतो साधारण ०.१. पुढचा बिंदू १ च्या बाहेर, तिथे ऋण संख्येचं वर्गमूळ, म्हणजे काहीच नाही. वरची कमान +०.१ ला थांबली, खालची −०.१ ला. क्ष मध्ये चूक फक्त ०.००५ ची, पण भोक पडलं ०.२ चं, चाळीस पट. कारण टोकाला स्पर्शिका उभी आहे, क्ष केसभर हलला की य हातभर हलतो. बिंदू वाढवून भोक लहान होतं, जात नाही. य सोडवून आलेख काढायची सवयच इथे सोडायला हवी. आणि पानासारख्या घन समीकरणात य सोडवत बसणं म्हणजे तसाही द्राविडी प्राणायाम.

आता मूळ यंत्रणेकडे येतो. अव्यक्त समीकरण दिलं की सॉफ्टवेअर सगळं एका बाजूला आणतं. पानासाठी फ = क्ष^३ + य^३ − ३·क्ष·य. मग खिडकीवर जाळी टाकून प्रत्येक गाठीवर फ ची किंमत काढतं. इथून पुढे समीकरणाशी त्याचा संबंध संपला. एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर काही किमती धन, काही ऋण आल्या तर वक्र आतून गेला असणार असं ते धरतं. कडेवर शून्य नेमकं कुठे येईल ते चक्क त्रैराशिकाने काढतं आणि दोन कडांवरचे बिंदू सरळ रेषेने जोडतं. चार कोपरे, प्रत्येकाला दोन शक्यता, एकूण सोळा प्रकार. याला मार्चिंग स्क्वेअर्स म्हणतात. त्रिमितीतला याचा भाऊ, मार्चिंग क्यूब्स, लोरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडला. सीटी स्कॅनच्या थरांमधून हाडाचा पृष्ठभाग उभा करायला तो वापरतात.

ट्रेकला टोपोशीट, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा, वापरली असेल तर ही गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. फ ही उंची, जाळी हा मुलूख, आणि तुमचा वक्र म्हणजे शून्य उंचीची समोच्च रेषा, साध्या भाषेत समुद्राच्या पाण्याची कड. म्हणूनच बहुतेक पॅकेजमध्ये हे काम कंटूर नावाच्या आज्ञेकडे असतं.

पण मुंबईकराला टोपोशीट कशाला हवी, हाजी अली आहे. ओहोटीला दर्ग्याकडे जाणारी वाट कोरडी असते. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणी, पण वेगवेगळं. भरती चढली की वाट पाण्याखाली जाते, दोन्हीकडचं पाणी एक होतं आणि दर्ग्याचं बेट होतं. पाणी बोटभर वर-खाली झालं तरी किनाऱ्याची लांबी फारशी बदलत नाही, पण जोडणी पार बदलते. नेमकं वाटेच्या उंचीवर पाणी असतं त्या क्षणी किनाऱ्याच्या रेषा एकमेकींना छेदतात. सह्याद्रीत अशा जागेला आपण खिंड म्हणतो: दोन बाजूंना चढ, दोन बाजूंना उतार.

डेकार्टच्या पानाचा आरंभबिंदू ही अशीच खिंड आहे आणि पाणी नेमकं वाटेच्या पातळीला आहे. (हा वक्र डेकार्टने १६३८ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला डिवचायला दिला होता, काढ याची स्पर्शिका म्हणून. फर्माने काढली. मुलांना हे सांगा, विकलनाच्या तासाला बरी फोडणी आहे.) समजा आरंभबिंदू एका चौकोनाच्या बरोबर मध्यभागी आला आणि चौकोनाचे कोपरे (ह, ह), (−ह, ह), (−ह, −ह), (ह, −ह) आहेत. किमती काढून बघा. पहिल्या चरणात २ह^३ − ३ह^२, ह लहान असल्याने ऋण. तिसऱ्यात −२ह^३ − ३ह^२, तीही ऋण. दुसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी +३ह^२. म्हणजे एकाआड एक चिन्हं. सोळापैकी अशा दोनच प्रकारांत त्रैराशिक हात टेकतं, कारण चार कडांवरचे चार बिंदू दोन तऱ्हांनी जोडता येतात आणि दोन्ही तितक्याच पटण्यासारख्या असतात. एका जोडणीत पान बंद होऊन सुटं पडतं, दुसरीत पान आणि त्याचे दोन्ही हात मिळून एकच सलग रेघ होते. बरीच सॉफ्टवेअरं अशा वेळी चारही कोपऱ्यांची सरासरी घेऊन मध्याचा अंदाज बांधतात. इथे ती सरासरी घ्या: अगदी शून्य! ज्याने निवाडा करायचा तोच गप्प. काही सॉफ्टवेअरं चौकोनाचे दोन त्रिकोण करतात. तिथे संदिग्धता राहत नाही असं वाटतं, पण खरं तर कर्ण कुठला ओढला त्यावर निकाल आधीच लागलेला असतो.

तुमचं पान ग्नूप्लॉटमध्ये इतकं ठसठशीत तुटलं त्याला आणखी एक साधं कारण आहे. त्यात आयसोसॅम्पल्स नावाची सेटिंग मुळात १० असते. दहा बाय दहाच्या जाळीत वर्तुळसुद्धा कोपरे आलेलं दिसतं. ती दोन-तीनशे करा, सॅम्पल्सही तेवढेच करा, म्हणजे तुटलेली जागा नजरेआड होईल. लक्षात घ्या, नजरेआड होईल, नाहीशी नाही. प्रोजेक्टरला तेवढं पुरतं. छपाईत मोठी आकृती करायची असेल तर मी पानासाठी जाळी वापरतच नाही. य = ट·क्ष घातलं की क्ष = ३ट/(१ + ट^३) आणि य = ३ट^२/(१ + ट^३) मिळतं. ट = −१ ची जागा तेवढी टाळायची, बाकी छेदनबिंदू सुईच्या टोकासारखा येतो. वक्राचं असं प्राचलिक रूप, म्हणजे एका ट वरून क्ष आणि य दोन्ही देणारं, सापडत असेल तर तेच वापरावं, हा माझा पहिला नियम. पण ते प्रत्येक वक्राला सापडत नाही, आणि तिथेच खरी कसरत सुरू होते.

ॲस्ट्रॉइडचं दुखणं जाळीचं नाही. क्ष^(२/३) + य^(२/३) = १ हे जसंच्या तसं टाकलंत, तर नमपाय, म्हणजे पायथनमधलं आकडेमोडीचं पॅकेज, ऋण संख्येचा अपूर्णांकी घात काढायला नकार देतं आणि त्या गाठीवर "ही संख्याच नाही" अशी नोंद ठेवतं. पहिलं चरण सोडून बाकी तीन चरणांत क्ष किंवा य ऋण आहे, म्हणून तिथे उंचीच नाही, मग रेघ कसली. आपण शाळेत −८ चं घनमूळ −२ सांगतो. संगणक २/३ हा घात पाहतो तेव्हा त्याला तीन हा छेद दिसत नाही, ०.६६६… एवढंच दिसतं. उपाय म्हणजे आधी वर्ग करा, मग घनमूळ घ्या. घनमूळासाठी वेगळं फलन असतं, ते ऋण संख्याही मुकाट घेतं. इतकं केलं की चारही कमानी हजर.

तरी टोकं बोथट दिसतील. ॲस्ट्रॉइडचं टोक फार बारीक असतं. जाळीच्या ओळी क्ष अक्षाच्या वर-खाली ०.०१ वर असतील आणि अक्षावर ओळच नसेल, तर १ वर संपायला हवं ते टोक ०.९३ च्या आसपास छाटलं जातं. सममित खिडकीत बिंदूंची संख्या विषम ठेवा, ४०० ऐवजी ४०१, म्हणजे अक्ष जाळीवर येतो आणि टोक पूर्ण निघतं. एका बिंदूने सात टक्के परत मिळवून दिले. हे मला कुणी शिकवलं नाही, छापून आलेल्या बोथट ॲस्ट्रॉइडने शिकवलं.

चौथ्या समीकरणाचा कोरा पडदा मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात यंत्रणेचं पोट उघडं पडतं. (क्ष^२ + य^२ − १)^२ कधीच ऋण होत नाही. वर्तुळावर येऊन शून्याला टेकतं आणि परत वर जातं. जमीन पाण्याच्या पातळीला टेकली, पण पाण्याखाली गेलीच नाही. जो पद्धतशीरपणे "कुठे धनाचं ऋण झालं" एवढंच शोधतोय त्याला इथे काहीच सापडणार नाही, जाळी हजार बाय हजार केली तरी. बहुपदी असेल तर काही सॉफ्टवेअरं आधी अवयव पाडून बघतात आणि दुहेरी अवयव एकेरी करून घेतात, म्हणून कुठे दिसतं, कुठे दिसत नाही. हे काम तुम्हीच करायचं. अवयव पाडा, वर्ग दिसला की काढून टाका. अवयव सहज पडत नसतील तर फ आणि त्याचं य च्या सापेक्ष विकलज यांचा मसावि काढायचा, दुहेरी भाग त्यात सापडतो. शून्याऐवजी ०.००१ ची समोच्च रेषा काढण्याचा जुगाड लोक करतात. मीही घाईत केलाय. पण मग एकाऐवजी दोन वर्तुळं मिळतात, एकमेकांना खेटून, आणि झूम केलं की पितळ उघडं.

याच जातीचा दुसरा बळी म्हणजे एकाकी बिंदू. य^२ = क्ष^२·(क्ष − १) घ्या. क्ष १ पेक्षा मोठा असताना वक्र दिसतो, पण (०, ०) हाही उत्तरात बसतो. भोवताली कुठेच दुसरा बिंदू नाही, चिन्ह बदलत नाही, म्हणून चित्रातून गायब. अवयव पाडूनही हा सापडत नाही. तो शोधायचा तर दोन्ही आंशिक विकलजं (एक क्ष च्या सापेक्ष, एक य च्या) शून्य करून बघावं लागतं आणि सापडलेला ठिपका हाताने काढावा लागतो. आकृती छापायला देण्याआधी मी हे दर वेळी करतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आत्तापर्यंत असलेलं न दिसण्याबद्दल बोललो. नसलेलं दिसणं जास्त धोक्याचं, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. एका क्लासच्या नोट्ससाठी मला (क्ष^२ + य^२ − ४)/(क्ष − य) = ० ची आकृती करायची होती. खिडकी −४ ते ४ आणि −३ ते ३, जाळी ४०० बाय ३००. वर्तुळ आलं आणि त्याला आरपार छेदणारी क्ष = य ही तिरकी रेघही आली. मला वाटलं, वा, वर्तुळ आणि व्यास, छान जोडी. पाठवून दिलं. महिन्याभराने क्लासमधून फोन आला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने रेघेवरचा बिंदू समीकरणात घालून बघितला होता आणि विचारलं होतं, "सर, इथे तर छेद शून्य होतो, मग हे उत्तर कसं?" बरोबर होतं पोराचं. रेघेच्या एका बाजूला फ प्रचंड धन, दुसऱ्या बाजूला प्रचंड ऋण. चिन्ह बदललं, पण शून्यातून न जाता, कड्यावरून उडी मारून. सॉफ्टवेअरला कडा आणि उतार यांतला फरक कळत नाही. उलट, वर्तुळाचे रेघेवरचे दोन बिंदू उत्तरातून वगळायला हवे होते, ते चित्रात होते. गंमत अशी की जाळी चौरस आणि सममित घेतली असती तर तिच्या गाठी नेमक्या क्ष = य वर पडल्या असत्या, तिथली किंमत अनंत म्हणून गळाली असती आणि रेघ आली नसती. मी वाचलो असतो, तेही चुकीच्या कारणाने. तेव्हापासून छेद दिसला की मी अंश एकटा काढतो आणि छेदाची शून्यं वेगळ्या रंगात. टॅन, सेक वगैरे असले की त्यांचं साइन-कोसाइन करून छेद वर घेतो. शंका आली तर संशयित रेघेजवळ जाळी बारीक करायची. खऱ्या वक्राजवळ फ ची किंमत लहान-लहान होत जाते, खोट्याजवळ फुगत जाते.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते, आकडे कुठल्या सूत्रातून यावेत. एकाच वक्राला अनेक समीकरणं असतात. गणितात ती सारखी, जाळीला सारखी नसतात. मुलांचं लाडकं हृदय घ्या: (क्ष^२ + य^२ − १)^३ = क्ष^२·य^३. फेब्रुवारीत कुणीतरी हमखास वहीवर काढतं. हे कंटूरने काढलं की (१, ०) आणि (−१, ०) च्या आसपास रेघ दातेरी येते. कारण तिथे फ ची दोन्ही विकलजं शून्य आहेत, जमीन इतकी सपाट की पाण्याची कड कुठे ते त्रैराशिकाला नीट ठरवता येत नाही. आता दोन्ही बाजूंचं घनमूळ घ्या: क्ष^२ + य^२ − १ = य × (क्ष^२ चं घनमूळ). वास्तव संख्यांत घनमूळ एकास एक असतं, म्हणून वक्र तोच, एक बिंदू इकडचा तिकडे नाही. पण जमिनीला उतार आला आणि कडा गुळगुळीत झाल्या. जाळी तीच, वेळ तेवढाच.

तसंच क्ष च्या य व्या घाताची आणि य च्या क्ष व्या घाताची बरोबरी. (२, ४) त्यात बसतं हे मुलं लगेच सांगतात. थेट वजाबाकी केली तर २० च्या आसपास किमती सत्तावीस अंकांच्या घरात जातात, आणि शेजारच्या दोन गाठींत इतकी तफावत असताना त्रैराशिकाला काही अर्थ उरत नाही. लॉग घ्या: य·लॉग क्ष = क्ष·लॉग य. सगळं आटोक्यात येतं. समीकरण सॉफ्टवेअरला देण्याआधी दोन मिनिटं त्याला इस्त्री करावी, एवढंच माझं म्हणणं.

जाळी किती बारीक हवी? हे वक्रावर आणि कामावर अवलंबून आहे, ठरीव आकडा देत नाही. प्रत्येक बाजूला ४०० म्हणजे १ लाख ६० हजार गाठी, हल्लीच्या लॅपटॉपला काहीच नाही. दुप्पट केलं की काम चौपट होतं. साध्या बहुपदीला ३००-४०० भरपूर. पण साइन(क्ष^२ + य^२) = कोसाइन(क्ष·य) सारखं काही −१० ते १० मध्ये शंभर बिंदूंनी काढाल तर कोपऱ्यांत भलतीच सुंदर नक्षी दिसेल आणि ती सगळी खोटी असेल. तिथे एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत आतला कोन ४ रेडियनने पुढे जातो, अर्धा फेरा ३.१४ चाच. मधलं अख्खं शिखर जाळीच्या भोकातून निसटतं. माझी कसोटी एकच: जाळी दुप्पट करून पुन्हा काढायचं. चित्राचा आकार बदलला, काही जोडलं किंवा तुटलं, तर आधीचंही खरं मानायचं नाही आणि आत्ताचंही. डेसमॉस हे ऑनलाइन आलेखांचं सॉफ्टवेअर अशा वेळी स्वतःहून इशारा देतं की बारकावे पूर्ण सुटलेले नाहीत. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

याच्या अगदी उलट्या बाजूने जाणारी पद्धतही आहे, अंतराल अंकगणिताची. ती गाठींवर किंमत काढत नाही, अख्ख्या चौकोनावर फ किती ते किती असू शकेल याची हमी काढते. तुमच्याच चौथ्या समीकरणावर करून बघू. क्ष १.५ ते १.६ आणि य ० ते ०.१ घेतलं, तर क्ष^२ + य^२ − १ किमान १.२५, त्याचा वर्ग १.५६ च्या वरच. इथे शून्य असणं शक्यच नाही, चौकोन बाद. क्ष ०.९ ते १.१ आणि य −०.१ ते ०.१ घेतलं, तर आतली किंमत −०.१९ ते ०.२२, वर्ग ० ते ०.०४८४. शून्य शक्य आहे, चौकोन ठेवा आणि त्याचे चार तुकडे करून पुन्हा तेच विचारा. चिन्ह बदललं का हा प्रश्नच नाही, म्हणून वर्ग असो की एकाकी बिंदू, यातून काही निसटत नाही. रॅमन मूर यांनी १९६६ मध्ये या अंकगणितावर पुस्तक लिहिलं, आणि जेफ टपर यांनी २००१ मध्ये आलेखांसाठी त्याची नीट बांधणी मांडली. ग्राफइक्यू हे त्यांचंच सॉफ्टवेअर. पायथनवाल्यांसाठी सिमपाय या बीजगणिताच्या पॅकेजमधलं प्लॉट इम्प्लिसिट शक्य तिथे हीच पद्धत वापरतं. तुमचं चौथं समीकरण त्यात टाकून बघा. दोष असा की ही पद्धत भित्री आहे. क्ष ० ते १ असताना क्ष − क्ष किती विचारलं तर ती −१ ते १ सांगते, कारण दोन्ही क्ष एकच आहेत हे तिला ठाऊक नसतं. म्हणून सूत्रात तीच राशी वारंवार आली की रेघ जाडजूड, फुगलेली दिसते. माझ्या कामात मी हिने तपासतो आणि छापायला कंटूरची रेघ देतो.

दोन किरकोळ सापळे. पायथनमधलं आलेखांचं पॅकेज मॅटप्लॉटलिब, त्याच्या कंटूरला पातळी कंसात यादी म्हणून द्यावी लागते, यादीत फक्त शून्य. नुसता आकडा दिला तर तो किती रेषा काढायच्या याची संख्या समजतो. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये त्याच कारणासाठी शून्य दोनदा लिहावं लागतं. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिथे एफइम्प्लिसिट आलंय, ते वापरलं की ही कटकट नाही. आणि दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा, नाहीतर वर्तुळाची लंबवर्तुळं होतात आणि मुलं तुम्हालाच विचारतात.

तुमच्या वर्गासाठी मी काय केलं असतं ते सांगतो. जिओजेब्रा हे शाळा-कॉलेजांसाठीचं गणिताचं सॉफ्टवेअर पुरेल. त्याचे धडे पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-धड्यांच्या प्रकल्पात आहेत. क नावाची घसरपट्टी (स्लायडर) करा, −१.५ ते ०.५, आणि क्ष^३ + य^३ − ३·क्ष·य = क काढा. क ०.१ वर ठेवा: पाणी वाटेवरून वाहतंय, एकच सलग रेघ. हळूहळू ० वर आणा: पान. −०.१ वर: वाट उघडी पडली, पान सुटून बंद डबकं झालं. आणखी खाली नेत राहा, डबकं (१, १) भोवती आटत जाईल आणि बाहेरची रेघ सरळ होत जाईल. −१ वर थांबा. पडद्यावर बहुधा एक सरळ रेघच उरलेली दिसेल, क्ष + य + १ = ०, म्हणजे पानाची अनंतस्पर्शी, जिच्या जवळ-जवळ पानाचे हात जात राहतात ती रेषा. मग फळ्यावर क्ष^३ + य^३ + १ − ३·क्ष·य लिहून अवयव पाडायला सांगा. तीन घनांच्या बेरजेतून तिघांच्या गुणाकाराची तिप्पट वजा करायचं ते सूत्र मुलांना शाळेपासून पाठ असतं. पहिला अवयव क्ष + य + १, ती झाली रेघ. दुसरा क्ष^२ + य^२ + १ − क्ष·य − क्ष − य. तो शून्य कधी होतो विचारा आणि थोडं थांबा. दोनाने गुणून तीन वर्गांची बेरीज कुणीतरी करेलच, आणि मग (१, १) हा ठिपका पडद्यावर का नाही, हा प्रश्न तुमच्याऐवजी वर्गातूनच येईल.